‘गरज’ आणि ‘नाइलाज’ : एका विधिसंज्ञेचा प्रवास

१

मराठीतील कोणते गद्य सर्वांत काळजीपूर्वक वाचले जाते, या प्रश्नाचे उत्तर वाङ्मयेतिहासात शोधण्यापेक्षा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शोधणे अधिक फलदायी ठरेल. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र या दस्तांतील एकेका शब्दावर दोन-दोन पिढ्या भांडत राहतात. एखाद्या कवितेच्या वाट्याला क्वचितच येणारे सूक्ष्म वाचन त्यांच्या वाट्याला येते. या गद्याला ठरीव निवेदक असतो, तो ‘लिहून देणार’. ठरीव श्रोता असतो, तो ‘लिहून घेणार’. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’ हा जुन्या दफ्तरांची आठवण करून देणारा उपोद्घात अजूनही अनेक दस्तांत टिकून आहे. मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा आणि किंमत यांच्या आसपास एक वाक्य येते. विक्रीचे कारण सांगणारे ते वाक्य असते : कौटुंबिक खर्चासाठी व कायदेशीर गरजेपोटी पैशांची जरुरी असल्यामुळे सदर मिळकत विकली आहे. सामान्य वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जातो. वकील मात्र तेथे थांबतो, कारण एकत्र कुटुंबाच्या जमिनीची विक्री टिकणार की कोसळणार हे पुष्कळदा या एका शब्दप्रयोगावर अवलंबून असते.

‘कायदेशीर गरज’ हा तो शब्दप्रयोग. तो मराठीत जन्मलेला नाही. संस्कृत निबंधग्रंथातून इंग्रजीत आणि इंग्रजी न्यायनिर्णयांतून मराठी दस्तांत असा त्याचा प्रवास झालेला आहे. या प्रवासात तीन भिन्न परिस्थितींचे एकच नाम झाले, आणि त्या नामाला मराठीत जो प्रतिशब्द मिळाला त्याचा कल सक्तीपेक्षा गरजवंताच्या इच्छेकडे अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. भाषांतरातील हा कल शब्दकोशापुरता राहिलेला नाही. कोणाच्या संमतीवाचून कोणाची जमीन गेली, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

हा प्रश्न ठाकुर्लीसारख्या ठिकाणाहून पाहणे सोयीचे आहे. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत लोहमार्ग गेला तेव्हा कल्याणच्या खाडीलगतचा हा पट्टा भातशेतीचा होता. १९२९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या घाटमार्गांच्या विद्युतीकरणासाठी येथे चोळे गावालगत वीजघर उभे राहिले. १९६० नंतर शेजारच्या डोंबिवलीत औद्योगिक वसाहत झाली, १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली, आणि भाताच्या खाचरांचे गुंठे होऊन त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत येथील जमीन ज्या ज्या वेळी हात बदलत गेली, त्या त्या वेळी कोणाची तरी ‘गरज’ लेखी नोंदवली गेली. सातबाऱ्यावर नावापुढे लागणारी ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ही तीन अक्षरी मुद्रा या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाची आहे. या मॅनेजरला सर्वांची जमीन एकट्याच्या सहीने विकता येते ती केव्हा, हाच आपला विषय.

२

या प्रश्नाचे सर्वांत प्रभावी उत्तर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेत आहे. तिचा कर्ता विज्ञानेश्वर अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण नगरीत होऊन गेला. हे कल्याण आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी त्याचा घोटाळा करू नये. उत्तर कोकणात नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ला न्यायालयांनी अग्रमान दिला हे खरे, तथापि कर्त्याच्या विक्री-अधिकाराची चर्चा ज्या शब्दांभोवती फिरते, ते शब्द मिताक्षरेने उद्धृत केलेल्या एका वचनातून आलेले आहेत.

एकट्यालाही स्थावर देता, गहाण ठेवता वा विकता येईल असे तीन प्रसंग हे वचन सांगते : आपत्काल, कुटुंबार्थ आणि धर्मार्थ. विज्ञानेश्वराचे विवरण या तिन्ही शब्दांना आवर घालणारे आहे. आपत्ती कोणतीही चालणार नाही. ती सर्व कुटुंबाला व्यापणारी हवी. कुटुंबार्थ म्हणजे कुटुंबाचे पोषण. धर्मार्थ म्हणजे पितृश्राद्धासारखी कर्मे, ज्यांना तो ‘अवश्यकर्तव्य’ म्हणतो. याहून महत्त्वाची आहे ती या अधिकाराची पार्श्वभूमी. पुत्र-पौत्र अजून व्यवहाराच्या वयाला आलेले नाहीत, किंवा अविभक्त भाऊही तशाच, संमती देण्यास असमर्थ अशा अवस्थेत आहेत, अशा वेळी जो समर्थ असेल त्याने एकट्याने व्यवहार करावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे एकट्याचा अधिकार इतरांच्या असमर्थतेतून उद्भवतो. संमती घेणे अशक्य आहे म्हणून संमतीवाचून, असा तो तर्क आहे.

येथे संस्कृत शब्दांच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. ‘आपत्काल’ हा काळवाचक शब्द आहे. ‘कुटुंबार्थ’ आणि ‘धर्मार्थ’ हे हेतुवाचक. एकाचा प्रश्न ‘केव्हा’ असा आहे, इतर दोहोंचा ‘कशासाठी’ असा. या तिघांना सामावणारी ‘गरज’ अशी एकच संज्ञा त्या वचनात नाही. ती आली पुढे, आणि दुसऱ्या भाषेतून आली.

३

हेन्री टॉमस कोलब्रुक याने दायभाग आणि मिताक्षरेचा दायविभाग यांचे इंग्रजी भाषांतर १८१० मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. कोलब्रुक संस्कृतचा जाणकार होता, आणि तीन प्रसंगांसाठी त्याने तीन भिन्न शब्दसमूह वापरले. तथापि विवरणाचे भाषांतर करताना पोषणासाठी व्यवहार ‘नेसेसरी’ होणे आणि श्राद्धादी कर्मांमुळे तो अटळ होणे, अशी क्रियापदांची योजना त्याला करावी लागली. बीज येथे पडले असे म्हणता येईल. संस्कृतमधील काळ व हेतू यांचे इंग्रजीत अनिवार्यतेत रूपांतर होऊ लागले.

१८५६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे हनुमानप्रसाद पांडे विरुद्ध बाबूई मुनराज कुंवरी हा खटला आला. अज्ञान वारसाच्या वतीने त्याच्या आईने मिळकत गहाण टाकली होती. ते गहाण वारसावर बंधनकारक आहे काय, असा वाद होता. न्यायमूर्तींनी घालून दिलेली कसोटी पुढे एकत्र कुटुंबाच्या कर्त्यालाही लागू झाली आणि आजही ती उद्धृत होते. व्यवस्थापकाचा अधिकार मर्यादित आहे. निकड असेल किंवा मिळकतीचा लाभ असेल तेव्हाच तो वापरता येतो. मिळकतीवर प्रत्यक्ष कोणता दाब होता, कोणते संकट टाळायचे होते किंवा कोणता लाभ व्हायचा होता, हे पाहिले पाहिजे. आणि पैसे देणाऱ्याने याची योग्य चौकशी केली पाहिजे. या कसोटीत दाब, संकट आणि लाभ असे तीन शब्द आहेत, पण ते विज्ञानेश्वराचे तीन शब्द नव्हेत. धर्मार्थ मागे सरला आणि त्याच्या जागी लाभ आला. लाभ हा अनिवार्यतेचा प्रकार कसा होऊ शकतो, या प्रश्नाने पुढील शंभर वर्षे न्यायालयांना गुंतवून ठेवले.

पुढील ग्रंथांनी व निवाड्यांनी या सर्वांवर एक नाव चिकटवले : ‘लीगल नेसेसिटी’. सरकारी सारा, कुटुंबाचा उदरनिर्वाह, मुलामुलींची लग्ने, और्ध्वदेहिक, मिळकत वाचविण्यासाठी लढविलेले दावे, कुटुंबप्रमुखावरील गंभीर फौजदारी आरोपाचा बचाव, बंधनकारक कर्जे अशी तिची यादी तयार झाली. यादी लांबत गेली तसा आणखी एक बदल झाला. इतरांच्या असमर्थतेची विज्ञानेश्वराने सांगितलेली पार्श्वभूमी पुसली गेली, आणि सज्ञान सहदायादांच्या संमतीवाचूनही त्यांना बांधणारा कर्त्याचा अधिकार न्यायालयांनी मान्य केला. ‘संमती मिळणे अशक्य’ या परिस्थितीची जागा ‘संमतीची आवश्यकता नाही’ या नियमाने घेतली. विधवेच्या बाबतीत हेच नाव दुसऱ्या टोकाला गेले. पतीची मिळकत तिला मर्यादित हक्काने मिळे. ती विकताना गरज सिद्ध झाली नाही, तर पतीचे पुढील वारस विक्रीला आव्हान देऊ शकत. एकच संज्ञा कर्त्याच्या हाती अधिकार होती आणि विधवेच्या गळ्यात फास. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तो फास सुटला.

४

आता ही संज्ञा मराठीत कशी उतरली ते पाहू. ‘नेसेसिटी’ हा शब्द लॅटिनमधून आला आणि परंपरागत व्युत्पत्तीप्रमाणे त्यात ‘मागे न सरणे’ असा अर्थ आहे. मराठीजवळ या कल्पनेसाठी शब्दांची वाण नव्हती. ‘अवश्य’ म्हणजे जे वशात नाही ते. ‘जरूर’ अरबीतून आला. त्याच्या धातूत अपाय, हानी असा अर्थ आहे, आणि इस्लामी धर्मशास्त्रात ‘जरूरत’ ही निषिद्धालाही मुभा देणारी अवस्था मानली जाते. ‘नाइलाज’ म्हणजे ज्यावर इलाज नाही ते. ‘लाचार’ म्हणजे ज्याला चारा, उपाय, उरला नाही तो. यांतील प्रत्येक शब्द बाहेरून येणारी सक्ती सुचवितो.

दस्तांत रूढ झाला तो मात्र ‘गरज’. तोही अरबी आहे, पण त्याचा मूळ अर्थ लक्ष्य, उद्देश असा. फारसीतून येताना त्याला स्वार्थाची छटा चढली. मराठीने ती छटा पूर्णपणे टाकलेली नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण गरजेच्या स्वार्थावर बोट ठेवते. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण गरजवंताच्या निर्णयशक्तीवर. विज्ञानेश्वराच्या तर्काला दुसरी म्हण चांगलीच छेद देते, कारण त्याला निर्णय हवा होता तो समर्थाचा. कायद्याच्या भाषेने सक्तीचे अनेक शब्द बाजूला ठेवून हेतूचा शब्द उचलला. अर्थात हे कोणी ठरवून केले नाही. दस्तलेखकांच्या लेखणीत जो शब्द सहज होता तो आला, आणि मग न्यायालयांनी तो स्वीकारला.

याहून खोल बदल नामाच्या निवडीत आहे. अनिवार्यता व्यक्त करण्याची मराठीची सहज रीत नामाची नाही, क्रियापदाची आहे. ‘विकावे लागले’, ‘विकणे भाग पडले’, ‘विकल्यावाचून गत्यंतर उरले नाही’ अशी आपण बोलतो. या प्रत्येक रचनेत दाब कोठून आला असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि सांगणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. ‘मला गरज आहे’ या वाक्यानंतर तसा प्रश्न उभा राहत नाही. गरज ही बोलणाऱ्याची वस्तू होते, जणू त्याच्या खिशातली. ती दाखविणे त्याच्या मर्जीवर राहते. इंग्रजी नामाच्या जागी मराठी नाम ठेवल्यामुळे वाक्याची ही जबाबदारी नाहीशी झाली.

जुन्या दस्तांची रीत येथे आठवावी. सतराव्या-अठराव्या शतकांतील वतनाच्या खरेदीपत्रांत विकणारा आपली हकीकत सांगतो : दुष्काळ पडला, दिवाणाची बाकी थकली, सावकार दारात बसला, पोरांना पोटाला नाही. ही निवेदने ठरीव वळणाची असतात, त्यांत अतिशयोक्तीही असते. परंतु त्यांत घटना असतात, त्यांना क्रम असतो, आणि गोतसभेपुढे त्या घटना खोट्या पाडता येत. खरेदीखताचे छापील नमुने आले तसे कथन आटत गेले आणि शेवटी एक समास उरला. ‘कायदेशीर’ हे विशेषण जोडल्यामुळे त्याला वजन आले. पण हे विशेषण लिहून देणाऱ्याने स्वतःच्या गरजेला स्वतःच बहाल केलेले असते, आणि ती कायदेशीर आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार तर न्यायालयाचा.

न्यायालयांना या आटलेल्या कथनाची किंमत ठाऊक होती. दस्तातील मजकूर म्हणजे गरजेचा पुरावा नव्हे, गरज होती किंवा आपण चौकशी केली होती हे खरेदीदाराने सिद्ध केले पाहिजे, हे तत्त्व प्रस्थापित आहे. परंतु १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याला एक जोड दिली : फार काळ लोटून साक्षीदार हयात उरले नसतील, आणि मजकूर परिस्थितीशी सुसंगत असेल, तर त्याला अधिक महत्त्व देता येईल. संहितेच्या अभ्यासकाने या नियमाकडे लक्ष द्यावे. माणसे मरत जातात तसतशी वाक्ये अधिक खरी होत जातात. ज्यांनी गरज पाहिली ते गेले, म्हणजे गरजेचा उल्लेख तेवढा उरतो आणि तोच साक्ष देऊ लागतो.

५

हा पेच एकट्या मराठीचा नाही. रशियन व इंग्रजी विधिभाषांतील भाषांतरात तो वेगळ्या रूपाने दिसतो. रशियन दंडसंहितेत, आज अमलात असलेल्या १९९६ च्या संहितेतही, दोन संज्ञा जवळजवळ येतात. मोठे संकट टाळण्यासाठी केलेल्या लहान हानीला ‘क्रायन्याया न्येअबखदीमस्त’, म्हणजे पराकोटीची अनिवार्यता, म्हणतात. आणि हल्ल्यापासून केलेल्या बचावाला ‘न्येअबखदीमाया अबरोना’, म्हणजे अनिवार्य बचाव. या विशेषणाचा अवयवार्थ मोठा बोलका आहे : ज्याला वळसा घालून जाता येत नाही ते. इंग्रजीत दुसऱ्या संज्ञेचे भाषांतर सामान्यतः आत्मसंरक्षण या अर्थाच्या शब्दाने होते. भाषांतर व्यवहाराला पुरेसे आहे. पण रशियनमध्ये दोन्ही संज्ञांना एकाच कुळात ठेवणारा धागा तुटतो, आणि बचावाचे लक्ष वाटेकडून ‘स्व’कडे वळते. रशियन संहिता दुसऱ्याच्या व समाजाच्या बचावालाही याच नावाखाली जागा देते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘स्व’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळते.

भारतीय दंडसंहितेची रीत वेगळी आणि, माझ्या मते, अधिक शहाणपणाची होती. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये तिचा मसुदा केला, १८६० मध्ये ती संमत झाली. तिच्या ८१ व्या कलमाला आपण व्यवहारात अनिवार्यतेचे कलम म्हणतो, पण ‘नेसेसिटी’ हा शब्द त्या कलमात नाही. अन्य हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी उद्देशावाचून, सद्भावाने केलेली कृती असे त्याचे वर्णन आहे, आणि पुढे दोन दृष्टान्त आहेत : समोरच्या बोटीला वाचविताना दुसऱ्या होडीला धडकण्याचा धोका पत्करणारा कप्तान, आणि आग पसरू नये म्हणून घरे पाडणारा मनुष्य. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९ व्या कलमात हाच विचार कायम आहे. संज्ञा टाळून प्रसंग सांगितल्यामुळे हे कलम भाषांतराला सोपे गेले. कप्तान, होडी, आग, घर हे मराठीत जसेच्या तसे येतात. इंग्लंडमध्ये मात्र १८८४ साली, समुद्रात भुकेने व्याकूळ होऊन आपल्यातल्या एका मुलाला मारून खाणाऱ्या डडली व स्टीफन्स या खलाशांचा खटला ‘अनिवार्यता’ या अमूर्त नामावर लढला गेला, आणि ती सबब खुनाला चालणार नाही असा निर्णय झाला.

दिवाणी कायद्यात मराठी परिभाषेची अडचण अधिकच स्पष्ट होते. १८८२ च्या अधिनियमातील ‘ईझमेंट’ या हक्काला आपण ‘सुविधाधिकार’ म्हणतो. हिंदीने ‘सुखाचार’ असा शब्द केला. या अधिनियमाच्या १३ व्या कलमात, एकाच मालकाची मिळकत विभागली गेल्यावर आतल्या तुकड्याला अन्य वाटच उरली नाही तर मिळणाऱ्या वाटेचा समावेश होतो. तो हक्क गैरसोयीवर मिळत नाही, निव्वळ अनिवार्यतेवर मिळतो, असे न्यायालये बजावत आली आहेत. त्याचे मराठी नाव ‘आवश्यकतेचा सुविधाधिकार’. म्हणजे सुविधा पुरेशी नाही असे ज्या हक्काबद्दल सांगायचे, त्याच्या नावातच सुविधा! भावांच्या वाटण्या होऊन ज्या गावांत खाचरांचे भूखंड झाले, तेथे शेजाऱ्याच्या हद्दीतून वाट मागणाऱ्याला हा विरोध समजावून सांगणे सोपे नसते.

याच्या तुलनेत भाडेनियंत्रणाचा कायदा गरजेकडे अधिक डोळसपणे पाहतो. १९४७ च्या मुंबई अधिनियमात आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र अधिनियमात, घरमालकाला स्वतःसाठी जागेची वाजवी व प्रामाणिक गरज असल्यास ताबा मिळू शकतो. न्यायालयांनी ही गरज नुसत्या इच्छेहून अधिक मानली. आणि कायद्याने पुढे एक प्रश्न जोडला : ताबा दिल्याने भाडेकरूला व न दिल्याने मालकाला, यांपैकी कोणाला अधिक हाल सोसावे लागतील? येथे गरज ही एकाची वस्तू राहत नाही; ती दुसऱ्याच्या गरजेशेजारी ठेवून मोजली जाते.

६

शासनाची गरज मोजण्याची अशी सोय फार काळ नव्हती. १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमात जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी ‘आवश्यक आहे किंवा आवश्यक असण्याचा संभव आहे’, एवढ्या अधिसूचनेने प्रक्रिया सुरू होई. ‘संभव’ हा शब्द अनिवार्यतेला लागताच अनिवार्यता शिथिल होते, हे सांगायला वैयाकरण नको. १७ व्या कलमातील तातडीच्या तरतुदीने तर हरकती ऐकण्याची पायरीही गाळता येई. येथे खरेदीखताच्या उलट स्थिती आहे. तेथे गरज बोलणाऱ्याच्या खिशात होती. येथे ती कोणाचीच नसते. वाक्य कर्मणी होते, कर्ता ‘शासनाची खात्री झाली आहे’ या पडद्यामागे जातो.

या व्याकरणाचे परिणाम ठाकुर्लीपासून काही मैलांवर पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेवाळी येथे विमानांच्या धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपले, धावपट्टीची युद्धकालीन निकड संपली, जमिनी परत आल्या नाहीत. त्या परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. आपत्काल हा शब्द काळवाचक आहे असे वर म्हटले, त्याचे महत्त्व येथे कळते. काळ सरतो, काळावर आधारलेला अधिकारही त्याबरोबर सरला पाहिजे. ‘आवश्यकता’ हे भाववाचक नाम मात्र काळाच्या बाहेर उभे राहते आणि सत्तर वर्षांनंतरही तसेच राहते. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूमिसंपादनाच्या नव्या कायद्याने तातडीचे प्रसंग देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेच्या संमतीने अन्य आणीबाणी एवढ्यांपुरते आवळले, तेव्हा एका अर्थाने कायदा पुन्हा प्रसंगांच्या यादीकडे, विज्ञानेश्वराच्या पद्धतीकडे, वळला असे म्हणावे लागते.

७

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि पुढे १९९८ मध्ये जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. परिभाषेवर तेव्हापासून जी टीका होत आली, ती बहुधा शब्दांच्या बोजडपणावर होती : संस्कृतप्रचुरता, दुर्बोधता, बोलीपासूनचा दुरावा. प्रस्तुत उदाहरण या टीकेची दिशा थोडी बदलायला सांगते. ‘गरज’ हा शब्द अत्यंत सोपा आहे, घरातला आहे, कोणालाही कळणारा आहे. नेमक्या त्या सोपेपणामुळे तो कोणी तपासला नाही. दुर्बोध शब्द वाचकाला थांबवतो. सुबोध शब्द त्याला हाताला धरून पुढे नेतो.

पुढे नेला गेलेला सर्वांत महत्त्वाचा वाचक म्हणजे घरातली मुलगी. ‘कायदेशीर गरजे’च्या यादीत मुलीचे लग्न प्रथमपासून आहे. असंख्य दस्तांत ती येते ती याच जागी : तिच्या लग्नासाठी जमीन विकली. ती विक्रीचे कारण आहे, पक्षकार नाही. तिच्या नावाने गरज आहे, पण तिची सही नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना सहदायाद केले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलींना मुलांच्या बरोबरीने तो हक्क दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मसिद्ध आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. तथापि त्याच दुरुस्तीने २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्री व वाटण्यांना संरक्षण दिले. परिणामी मुलगी वारस म्हणून दारात आली तेव्हा तिच्यासमोर जुने खरेदीखत ठेवले गेले, आणि त्यात तिचेच लग्न कारण म्हणून नोंदलेले होते. ते लग्न दस्ताच्या आधी झाले की नंतर, त्याला खर्च किती आला, विक्रीचा पैसा खरोखर त्यात गेला की भावाच्या धंद्यात, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पण वर्षे लोटली आहेत, साक्षीदार गेले आहेत, मुदतीचा कायदा आड येतो, आणि दस्तातील वाक्य १९१६ च्या नियमाप्रमाणे वयाबरोबर बळकट झाले आहे.

यावर नवा पारिभाषिक शब्द घडविणे हा उपाय आहे असे मला वाटत नाही. ‘गरज’ काढून ‘अनिवार्यता’ घातली तरी छापील नमुन्यात तीही महिन्याभरात गुळगुळीत होईल. उपाय असेल तर तो वाक्यरचनेत आहे. दस्ताने समास सोडून पुन्हा हकीकत सांगावी : कोणावर, केव्हा, किती रकमेचा कोणता दाब आला, जमीन न विकता तो निवारण्याचे कोणते मार्ग होते, घरातल्या कोणाकोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही. ‘विकण्याची गरज आहे’ असे लिहिणाऱ्या माणसाला आपण काही विचारू शकत नाही. ‘विकावे लागत आहे’ असे लिहिणाऱ्याला विचारू शकतो, आणि विचारलेच पाहिजे. मराठीच्या क्रियापदात हा प्रश्न फार पूर्वीपासून आहे. तो दस्तात आला असता, तर निदान एखाद्या तरी बहिणीला आपले नाव खाली, साक्षीदारांच्या वर, सहीच्या जागी शोधता आले असते.